पिवळ्या दिव्याची ऊब

नेलिदा: …आणि या भिंतीला हात लावून बघ. ताप भरल्यासारखी झालीय.

आन्सेल्मो: सगळ्याच भिंती तापल्यात, नेली. बाहेर पंचेचाळीस आहे. सान्तियागोत जानेवारीच्या भर उन्हाळ्यात भिंत गार लागते का कधी?

नेलिदा: मला जानेवारी शिकवू नकोस, मी इथेच जन्मले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं, ती इतकी नाही तापली. ही लुहानच्या खोलीची, आतली भिंत. हिला ऊन दिसतसुद्धा नाही. मग हिला ताप कुठून आला?

आन्सेल्मो: शेजारच्या खोलीत झाडांचा तंबू आहे. दिवा चालू असला की थोडं जाणवणारच.

नेलिदा: मग बंद कर तो दिवा.

आन्सेल्मो: आता मध्येच?

नेलिदा: मध्येच कसलं! उठल्यापासून तेच बोलतेय मी. बाहेर ऊन आग ओकतंय आणि घरात तू कापडाच्या तंबूत दुसरा सूर्य टांगून ठेवलायस.

आन्सेल्मो: रात्री वीज जाते सारखी. ठरल्या वेळी उजेड मिळाला नाही की झाडं बावचळतात. म्हणून दिवसा लावला.

नेलिदा: तूच सांगायचास ना, उन्हाळ्यात दिवा रात्री लावायचा, हवा जरा उतरते तेव्हा? दिवसा लावला की तंबूची भट्टी होते म्हणून?

आन्सेल्मो: लक्षात आहे तुझ्या.

नेलिदा: नसायला काय झालं? तीन उन्हाळे मी अंगणात खाट टाकून, तंबूची हवा बाहेर टाकणाऱ्या त्या नळीच्या गरम फुंकरीखाली झोपलेय. सगळी गल्ली वाऱ्याकडे तोंड करून निजायची आणि आपण आपल्याच तंबूच्या श्वासात. पण तेव्हा कारण होतं. तेव्हा मला तो वारा गोड लागायचा.

आन्सेल्मो: हळू बोल. लोक दुपारचे झोपलेत.

नेलिदा: झोपू देत. आता कुणासाठी, ते सांग. ऑगस्टमध्ये लुहान गेली. अकरा वर्षांची पोर आपण दोघांनी मातीत ठेवली. जिच्यासाठी औषध ती नाही, आणि औषधाच्या झाडांना तू अजून पाणी घालतोयस, पानं पुसतोयस.

आन्सेल्मो: झाडांची ही जात परत मिळायची नाही, नेली. आधीच्या तिन्ही जातींनी तिचे अपस्माराचे झटके थांबेनात. ही चौथी. हिच्या तेलानं पोर उठून बसली. दिवा विझवला की ही जात संपली.

नेलिदा: पोर संपली, तिथे जातीचं काय घेऊन बसलास!

आन्सेल्मो: दार वाजतंय.

नेलिदा: या वेळेला? भर दुपारी दार वाजवणारा एक तर परका, नाहीतर वाईट बातमी. बस तू, मी बघते.

*

फोर्तुनातो: माफी कर, पोरी. कुणाच्या झोपेच्या वक्ताला दार वाजवू नये, ठावं हाय मला. पर माझी परतीची गाडी लवकर हाय. फ्रिजवालं मिस्त्री हितंच राहत्यात का?

नेलिदा: इथेच. पण फ्रिज बिघडला असेल तर ऊन उतरल्यावर या.

फोर्तुनातो: माझ्याकडं फ्रिजच न्हाई, बिघडल कुठनं? मी फोर्तुनातो सोरिया. लोरेतो गावाच्या पल्याडनं आलो, रानातनं. हे घे. शेळीचं चीज हाय, घरचं. आन् बाटलीत चान्यारच्या फळांचा पाक. खोकल्याला बरा असतो.

नेलिदा: अहो काका, उन्हात उभे राहू नका. आत या. आन्सेल्मो, पाणी आण, लिंबू पिळून. तुम्ही बसा आधी. चेहरा बघा कसा लालबुंद झालाय.

फोर्तुनातो: चेहरा जल्माचाच तसा हाय. चाळीस वरसं लाकडाचा कोळसा पाडला म्या. भट्टीपुढं उभं राहून राहून कातडं भाजून पक्कं झालं. म्हातारी म्हणायची, तुला नरकात भाजायची गरज न्हाई, तू आधीच भाजलेला हायस.

आन्सेल्मो: घ्या, काका. मीच मिस्त्री. काय काम होतं?

फोर्तुनातो: मिस्त्री, मला आडवळणानं बोलता येत न्हाई. माझी नात हाय, रोसिओ. सात वरसांची. तिची आई, म्हंजी माझी लेक, राजधानीत लोकाच्या घरी काम करती, त्यांची पोरं सांभाळती. पोर माझ्याकडं असती. तिला झटकं येत्यात. पयलं महिन्यातनं कवातरी यायचं. आता दिवसातनं कितीदा, मोजायचं सोडून दिलं म्या.

आन्सेल्मो: गोळ्या चालू असतील.

फोर्तुनातो: गोळ्या हायत की. गोळी घेतली की पोर झोपती, उठली की भिताडाकडं बघत बसती. मला 'तातो' म्हणून हाक मारायची. आता मारत न्हाई. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गांजाच्या तेलानं काही पोरांना फरक पडतो, रीतसर परवाना काढून देते, पर चांगलं तेल तुमचं तुमी बघा. तिथंच बाकड्यावर एक बाई बसली व्हती. ती म्हणली, सान्तियागोत फ्रिजच्या मिस्त्रीकडं जावा, लुहानच्या बापाकडं. लई जीव लावून करतो म्हणली.

आन्सेल्मो: कधीची गोष्ट ही?

फोर्तुनातो: बाईची? झालं असंल आठ-नऊ महिनं. मला यायला उशीर झाला. पोरीला कुणाजवळ ठेवायचं ह्योच घोर. आज शेजारीण बसलीया तिच्यापाशी. गंमत बघा मिस्त्री, आमच्या जवानीत ह्याच झाडापायी पोलीस धरून न्यायचं, आन् आज डॉक्टरीण म्हणती शोधून आणा.

आन्सेल्मो: काका, तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात. मी ते काम सोडलं.

फोर्तुनातो: सोडलं?

आन्सेल्मो: तेल नाही आता. झाडंही काढून टाकली. काही शिल्लक नाही.

फोर्तुनातो: आसं. न्हाई तर न्हाई. त्यात तुमचा काय दोष? पाणी झ्याक व्हतं, पोरी. एक इचारू का जाता जाता? तुमची पोरगी घरात हाय का? झोपली असंल तर उठवू नका, दारातनं नुसती बघतो. घरी जाऊन रोसिओला सांगंन, तुझ्यासारखीच एक पोर हाय, बरी झाली, चालती-बोलती. तेवढंच घेऊन जातो.

नेलिदा: ती नाही, काका.

फोर्तुनातो: मामाकडं गेली व्हय सुट्टीत?

नेलिदा: गेली. ऑगस्टमध्ये. झोपेतच झटका आला, पहाटे.

फोर्तुनातो: देवा रे. आन् मी चीज काय, पाक काय… तोंड बघ माझं, वटवट वटवट. माफ कर, माये. मला कुणी सांगितलंच न्हाई. येतो मी. न्हाई, चीज ऱ्हाऊ द्या. परत नेऊ नये तसलं.

नेलिदा: बसा, काका.

फोर्तुनातो: नगं. तुमच्या दुःखात मी आलो हात पसरून…

नेलिदा: बसा म्हणते ना! आन्सेल्मो, का खोटं बोललास?

आन्सेल्मो: नेली.

नेलिदा: सकाळपासून दिवा विझव म्हणून तुझ्या पाया पडतेय. जात संपेल म्हणून मला अडवतोस, आणि जिला ती जात लागणार तिचा आजोबा दारात आला तर म्हणतोस काही शिल्लक नाही. मग शिल्लक ठेवलीस कुणाला दाखवायला?

आन्सेल्मो: ती झाडं तिची आहेत.

नेलिदा: ती नाहीये!

आन्सेल्मो: म्हणूनच.

फोर्तुनातो: पोरी, भांडू नका माझ्यापायी. मला कळतंय. म्हातारी गेली, पर तिची चादर मी आजून कुणाला दिली न्हाई. मागाया आली व्हती सून, न्हाई म्हणालो. घरात चार चादरी असून.

नेलिदा: चादरीनं कुणाची नात बोलायला लागत नाही, काका.

आन्सेल्मो: शू. गप्प बसा जरा.

नेलिदा: मला गप्प करतोस?

आन्सेल्मो: नाही, ऐक. पंखा. तंबूच्या पंख्याचा आवाज येत नाहीये.

नेलिदा: वीज गेली असेल.

आन्सेल्मो: वीज आहे, हा बघ डोक्यावरचा पंखा फिरतोय. तिथलाच थांबलाय, आणि दिवा चालू आहे! कधीपासून कुणास ठाऊक! सरक, सरक जरा.

*

फोर्तुनातो: आयायाय! भट्टीचं तोंड उघडल्यासारखं आलं की अंगावर!

आन्सेल्मो: मागे व्हा, काका. दिवा काढतो आधी. हात लावू नका, काच फुटेल. झाला बंद. आता ती चेन ओढा, तंबूचा पडदा पूर्ण वर जाऊ दे.

फोर्तुनातो: एवढा येकच दिवा, आन् एवढी आग?

आन्सेल्मो: दिवा केवढाही असो, काका, वीज आत आली की शेवटी तिची उष्णताच होते. थोडा उजेड पानं खातात, बाकी सगळं हवेत. तंबू चहूबाजूंनी बंद. म्हणून वर पंखा असतो, गरम हवा ओढून नळीतून बाहेर टाकायला. माझा धंदाच तो. गारवा कुणाला करता येत नाही. फक्त ऊब इथली उचलून तिथे टाकता येते. पंखा थांबला की ती जाणार कुठे?

फोर्तुनातो: भट्टीचं धुराडं बुजल्यावानी.

आन्सेल्मो: तसंच. काटा बघा, पन्नासच्या वर गेलाय. तिशीत ठेवायचा असतो.

फोर्तुनातो: झाडं माना टाकायला लागलीत, मिस्त्री. ह्याची पानं वर वळून होडी झालीया. आन् हे मोठं…

आन्सेल्मो: ते मूळ झाड. त्याच्याच फांद्या लावून बाकीची केलीत. त्याला उचला आधी. बाहेर नको, बाहेर ऊन. कुठे न्यावं, कुठे…

नेलिदा: न्हाणीघरात. फरशी गार आहे तिथली. द्या इकडे ती कुंडी.

आन्सेल्मो: नेली, तू आत आलीस.

नेलिदा: आता माझ्याकडे काय बघतोस? कुंडी दे. काका, तुम्ही लहान घ्या, पाठ मोडेल तुमची. चादरी ओल्या करते मी, भोवती टांगू. पाणी घालू का मुळाशी?

आन्सेल्मो: घाल, पण कोमट घाल. गार पाणी एकदम नको, धसका बसेल.

फोर्तुनातो: मोठ्याची पानं हातात आली, मिस्त्री. तंबाखूगत चुरा होतोय.

आन्सेल्मो: हळू धरा.

फोर्तुनातो: हळूच धरलंय, बाबा. शिल्लकच न्हाई धरायला.

आन्सेल्मो: दिव्याच्या सगळ्यात जवळ तेच होतं. उंच झालं होतं. मी छाटणार होतो.

नेलिदा: आणि हा दिवा पिवळा कसा? उन्हाळ्यात तू पांढरा लावायचास. नवा आणला होतास ना, कमी तापणारा?

आन्सेल्मो: बदलायचा राहिला.

नेलिदा: तुझ्या हातून? दर सप्टेंबरला वेळेवर बदलायचास. पिवळा हिवाळ्याचा, पांढरा उन्हाळ्याचा. नुसत्या उजेडावरून मला ऋतू कळायचा.

आन्सेल्मो: ऑगस्टच्या थंडीत ती गेली, तेव्हा पिवळाच होता.

नेलिदा: म्हणून?

आन्सेल्मो: म्हणून राहिला.

फोर्तुनातो: मिस्त्री, ह्या पंख्याचा वास बघा. जळालाय जणू.

आन्सेल्मो: जळणारच. हवेला पुढे वाट नव्हती. कोंडलेल्या हवेला ढकलून ढकलून…

नेलिदा: वाट नव्हती म्हणजे? नळी अंगणात जाते. या खिडकीतून. थांब, इथे तर नळी नाही. खिडकी बंद आहे. आन्सेल्मो, नळी कुठे गेलीय?

आन्सेल्मो: नेली, झाडांना पाणी घाल ना तेवढं.

नेलिदा: नळी कुठे गेलीय? ही इकडे वळलीय. ही भिंतीत… ही तर तिच्या खोलीत गेलीय.

आन्सेल्मो: हिवाळ्यात तिकडेच असायची.

नेलिदा: हिवाळ्यात! तिच्या पलंगाशी ऊब यावी म्हणून. तिला दोन्ही तळवे नळीसमोर धरायला आवडायचं. पण आता जानेवारी आहे. तू अजून… किल्ली दे मला.

आन्सेल्मो: किल्ली तुझ्याकडेच असते.

नेलिदा: माझ्याकडेच आहे. खरंच. गळ्यातच आहे माझ्या.

(दार उघडल्याचा आवाज.)

फोर्तुनातो: मी न्हाणीघरात झाडांपाशी बसतो. माझं काय काम हितं?

नेलिदा: थांबा, काका. तुम्ही गेलात की मी याला काहीतरी बोलेन, मग परत घेता यायचं नाही. किती गरम आहे इथे! आन्सेल्मो, पाच महिने? पाच महिने तू रिकाम्या खोलीला ऊब देतोयस?

आन्सेल्मो: त्या रात्री गारठा होता. गवतावर बर्फ धरला होता, आठवतं? झोपताना म्हणाली, बाबा, हात गार पडलेत. मी नळी आणखी जवळ सरकवली. सकाळी…

नेलिदा: सकाळी हात गारच होते.

आन्सेल्मो: सप्टेंबरात काढायला आलो होतो. दिवा बदलायचा, नळी अंगणात न्यायची, दरवर्षीचं काम. शिडीवर चढलो. पक्कड हातात होती. आणि हात काही उठेना. म्हटलं उद्या काढू. मग रोज उद्या.

नेलिदा: आणि मी रोज भिंतीला हात लावून विचारतेय, हिला ताप कुठून आला. आणि तू म्हणतोस जानेवारी आहे.

आन्सेल्मो: काय सांगणार होतो तुला? तू या दारावरून जाताना मान फिरवायचीस. मला वाटलं, तुला हे दारच नकोय.

नेलिदा: मला दार नको नव्हतं रे. मला भीती वाटत होती. उघडलं की आत सगळं गार पडलेलं असेल. पलंग, तिच्या चपला, तो बाहुला. ते गारपण माझ्यानं सोसवलं नसतं. म्हणून किल्ली गळ्यात घालून फिरले. आणि आत बघ. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखं.

आन्सेल्मो: बस जरा.

नेलिदा: तूही बस. तिच्या पलंगावर नको, खाली बस. काका, तुम्ही खुर्ची घ्या. एवढी लहान आहे, पण चालेल. तिच्या मापाची आहे.

फोर्तुनातो: मी उभाच बरा हाय, माये. एवढ्या लहान खुर्चीत बसलो तर उठवायला पोलीस बोलवावं लागतील.

नेलिदा: एक विचारू, काका? खरं सांगा. तेल घेऊनही ती गेली, हे तुम्ही ऐकलंत. रोजचं तेल दिलेलं होतं त्या रात्री. गोळ्याही दिलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, कुणाचा दोष नाही. तरी तुम्हाला तेल पाहिजे?

फोर्तुनातो: तेलाच्या आधी कशी व्हती तुझी लेक?

नेलिदा: तुमच्या रोसिओसारखी. भिंतीकडे बघणारी. मी आई आहे हे तिला ठाऊक आहे की नाही, तेही कळायचं नाही मला.

फोर्तुनातो: आन् नंतर?

नेलिदा: नंतर… नंतर एक दिवस मी भाजी चिरत होते आणि मागून हाक आली, आई. मला वाटलं रेडिओ. आठ वर्षांची झाली होती, काका. आठ वर्षांनी पहिल्यांदा. मग थांबेचना. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, कुत्रा का भुंकतो, शेजारीण का रडते. शेजारच्या लग्नात चाकारेरा नाचाची धून वाजायला लागली तर मध्ये जाऊन उभी राहिली, सगळ्यांच्या टाळ्या संपल्या तरी हिच्या चालूच. लोक हसले. हा माणूस एका कोपऱ्यात तोंड लपवून रडत होता.

आन्सेल्मो: डोळ्यात धूर गेला होता. मांस भाजत होते तिथे.

नेलिदा: हो, फक्त तुझ्याच डोळ्यात गेला धूर.

फोर्तुनातो: किती वरसं आसं?

नेलिदा: तीन. तीनलाही थोडं कमी.

फोर्तुनातो: मग मला तेवढं पायजे. मी काय तिला म्हातारी झालेली बघायला जगणार हाय? मरणावरचं औषध मागाया न्हाई आलो मी, माये. ते कुणापाशी नसतं. ती माझ्याकडं बघून एकदा 'तातो' म्हणली तरी…

आन्सेल्मो: काका, मघाशी मी तुमच्याशी खोटं बोललो.

फोर्तुनातो: मला ठावं हाय ते. आलो तवा आतल्या पंख्याची घरघर ऐकली व्हती म्या. मिस्त्री खोटं बोलतोय म्हंजी काळजात काहीतरी दुखतंय, एवढं कळलं.

आन्सेल्मो: आणि आता खरं बोलायला गेलो, तर खरंच काही नाही. मूळ झाड गेलं. फुलोऱ्यात आलेली तिन्ही भाजली. त्यातून तेल काढून उपयोग नाही, आणि पोराच्या पोटात जायचं ते, मी देणार नाही.

नेलिदा: लहान कुंड्या? मागे होत्या त्या?

आन्सेल्मो: दोन फांद्या बऱ्या वाटतात. शेंडा हिरवा आहे. नवीन मुळं धरली, तर. पांढरा दिवा लावतो, पंखा नवा बसवतो, नळी…

नेलिदा: बोल.

आन्सेल्मो: नळी अंगणात काढतो.

नेलिदा: आज?

आन्सेल्मो: आजच. तू शिडी धर.

नेलिदा: धरते. पण जगल्या, वाढल्या, फुलल्या, तेल निघालं, तोवर हिवाळा उजाडेल.

आन्सेल्मो: हो. जगल्या तर.

फोर्तुनातो: थांबू की. आमाला थांबायची सवय हाय. चला, गाडीची येळ झाली माझ्या.

नेलिदा: थांबा. आन्सेल्मो, फ्रिजमध्ये भोपळ्याच्या मुरांब्याची बरणी आहे ना, तिच्या मागे…

आन्सेल्मो: ठाऊक आहे.

नेलिदा: ठाऊक आहे?

आन्सेल्मो: तेलाची काळी छोटी बाटली. अर्धी भरलेली. रोज दिसते मला.

नेलिदा: मग काही बोलला का नाहीस?

आन्सेल्मो: तू ठेवलीस म्हणून. तिच्यापुढची बरणी तू कधी हलवू देत नाहीस.

नेलिदा: मी नाही ठेवली! मला वाटलं, तू ठेवलीयस. म्हणून मी बरणी पुढे सरकवत राहिले, चुकून कुणी फेकू नये.

आन्सेल्मो: मग ती तिथेच राहिली असणार. त्या रात्रीनंतर कुणी हलवलीच नाही.

नेलिदा: खराब झाली असेल?

आन्सेल्मो: थंडीत, अंधारात ठेवलेली होती. वर्षभर टिकते तशी. जा, तूच आण. नाहीतर राहू दे, मी आणतो.

नेलिदा: मी आणते.

फोर्तुनातो: मिस्त्री, मी समजलो नसंन तर सांगा. ती बाटली तुमच्या लेकीची हाय. तिच्या तोंडाची. मला ती नगं. माझा हात जळंल.

आन्सेल्मो: घ्या, काका.

फोर्तुनातो: तुमी दोघं रातच्याला पस्तावाल.

आन्सेल्मो: पस्तावू. ते आमचं आम्ही बघू. तुम्ही उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जा, बाटली दाखवा. किती थेंब द्यायचे ते त्याच ठरवतील. लुहानचा हिशोब रोसिओला लावू नका, आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. लागलीच फरक दिसला नाही तर घाबरू नका. दिसेलच असंही नाही.

फोर्तुनातो: आन् ह्या उन्हात, गाडीत? तापंल की.

आन्सेल्मो: हे घ्या, बर्फाची पिशवी. टॉवेलात गुंडाळा. खिडकीच्या बाजूला ठेवू नका. घरी फ्रिज नाही म्हणालात ना? मातीच्या माठाखाली, ओल्या वाळूत पुरून ठेवा. पुढच्या आठवड्यात मी येतो तिकडे. एक जुना फ्रिज पडलाय माझ्याकडे, चालतो अजून.

नेलिदा: ही घ्या. बूच घट्ट आहे, नखानं उचकटावं लागतं. काळजी घ्या.

फोर्तुनातो: हात मागं का घेतलास? ऱ्हाऊ दे म्हणालो ना मी.

नेलिदा: गार आहे बाटली, म्हणून. धरा. नीट धरा. आता ऐका. जिभेखाली सोडायचं, घशात नाही. मांडीवर घेऊन बसा तिला, पाठ तुमच्या छातीला टेकली पाहिजे. कडू असतं, उग्र. वरून लगेच मधाचं बोट चाटवा.

फोर्तुनातो: आन् थुकली तर?

नेलिदा: थुंकायची नाही. तोंड मात्र वाकडं करील, एक डोळा मिटून, नाकाचा शेंडा वर करून. आणि त्या वेळी हसायचं नाही हं, काका. कितीही हसू आलं तरी. तिला राग येतो.